‘सेट खराब’ असे कधीही लिहू नका

सैन्यात रेडिओ दुरुस्तीच्या कामाला जाऊ पाहणाऱ्या मुलांकरिता हे लिहीत आहे. मी मूळचा सेलू तालुक्यातला. १९९० साली भरती झालो, ईएमई (आजचे पूर्ण नाव इलेक्ट्रॉनिक्स अँड मेकॅनिकल इंजिनिअर्स) या सैन्याची उपकरणे दुरुस्त करणाऱ्या कोअरमध्ये रेडिओ मेकॅनिक म्हणून नोकरी केली आणि १९९९ च्या कारगिल युद्धात द्रासच्या बाजूला आघाडीवरच्या दुरुस्ती पथकात होतो. निवृत्तीनंतर परभणीत स्थायिक झालो. आयटीआयमध्ये इलेक्ट्रॉनिक्स मेकॅनिकचे शिक्षण घेणारी आणि अग्निवीर टेक्निकलची तयारी करणारी काही मुले रविवारी घरी येतात. धावण्याची वेळ, छातीचे माप, पगार, चार वर्षांनंतर काय, हे सगळे ती विचारतात आणि ते विचारलेही पाहिजे. पण समोर बंद पडलेला रेडिओ सेट आल्यावर नेमके काय करायचे असते, हे विचारणारा मुलगा वर्षातून एखादाच भेटतो. माझ्या मते पहिला प्रश्न तोच आहे.

आधी एक घोटाळा दूर करतो. सैन्यातला रेडिओ म्हटले की सर्वांना सिग्नल कोअर आठवते. संदेशवहनाचे जाळे उभारणे आणि ते अखंड चालू ठेवणे हे सिग्नल्सचे काम आहे, आणि त्यांच्याकडेही स्वतःचे तंत्रज्ञ असतात. परंतु पायदळाच्या पलटणीतला, तोफखान्यातला किंवा रणगाड्यातला सेट तिथल्या तिथे सुधारला नाही, म्हणजे तो ईएमईच्या वर्कशॉपमध्ये येतो. ही कोअर १५ ऑक्टोबर १९४३ रोजी स्थापन झाली आणि ‘कर्म ही धर्म’ हे तिचे ब्रीद आहे. मी भरती झालो तेव्हा तिच्या नावात ‘इलेक्ट्रिकल’ हा शब्द होता. आता त्या जागी ‘इलेक्ट्रॉनिक्स’ आहे. या कोअरमध्ये शिपायाला शिपाई म्हणत नाहीत, क्राफ्ट्समन म्हणतात. त्याचा अर्थ कारागीर, असे मी पहिल्या सुट्टीत घरी सांगितले, तेव्हा जन्मभर तिफणी आणि बैलगाड्या घडवलेल्या माझ्या आजोबांना झालेला आनंद मला अजून आठवतो.

भरतीपूर्वी दोन वर्षे मी सेलूच्या एका रेडिओ दुरुस्तीच्या दुकानात बसत होतो. तिथे डाग द्यायला, म्हणजे सोल्डरिंग करायला शिकलो, रेझिस्टरवरील रंगांच्या पट्ट्या वाचायला शिकलो आणि गिऱ्हाइकाशी बोलायला शिकलो. यांतल्या शेवटच्या गोष्टीचे मोल मला त्या वेळी कळले नव्हते. प्रशिक्षण सिकंदराबादला झाले. मनमाड–काचीगुडा मार्ग तेव्हा छोट्या रुळांचा होता आणि परभणीहून निघालेली गाडी रात्रभर डुलत जात असे. मराठवाड्यातल्या मुलाला हैदराबाद तसे परके वाटत नाही, कारण दख्खनी बोली लहानपणापासून कानावरून गेलेली असते. अनोळखी होते ते कवायतीचे मैदान आणि पहाटेची शिटी. कवायतीचे आणि शस्त्राचे महिने संपल्यावर खरे तांत्रिक शिक्षण सुरू झाले.

त्या शिक्षणातली एक पद्धत आजही मुलांना पहिल्याच दिवशी शिकवतो. रेडिओ म्हणजे एकामागून एक टप्प्यांची रांग असते. एरियलवर आलेला क्षीण सिग्नल वाढवला जातो, त्याची वारंवारता बदलून एका ठरलेल्या मधल्या वारंवारतेवर आणली जाते, तिथे तो पुन्हा वाढवला जातो, त्यातून आवाज वेगळा काढला जातो आणि तो आवाज कानापर्यंत पोहोचवला जातो. असे दहा टप्पे असतील तर पहिल्यापासून दहाव्यापर्यंत चालत जाऊ नये. पाचव्यावर सिग्नल सोडून पाहावा. तिथून पुढे सर्व ठीक असेल तर दोष मागच्या अर्ध्यात आहे. मग त्या अर्ध्याचे पुन्हा दोन भाग करावेत. तीन-चार तपासण्यांत दोषाचा टप्पा हाती लागतो. उस्ताद, म्हणजे आमचे शिक्षक, सेटमध्ये मुद्दाम दोष करून ठेवत, घड्याळ लावत आणि आम्ही तो शोधत असू. मी त्यात चांगला होतो आणि मला त्याचा अभिमानही होता. पण वर्गातल्या त्या सरावात एक उणीव होती, ती नऊ वर्षांनी उघडी पडली. उस्तादांनी केलेला दोष नेहमी सेटच्या आत असे.

सैन्यातील दुरुस्तीची रचना थोडक्यात सांगतो. काही दुरुस्ती युनिटमध्येच होते, त्यापुढची फील्ड वर्कशॉपमध्ये होते आणि तिथेही न होणारी आग्र्याच्या ५०९ आर्मी बेस वर्कशॉपसारख्या मोठ्या ठिकाणी जाते. एखादे उपकरण आपल्या पातळीवर सुधारण्यासारखे नसेल तर त्यावर ‘बीएलआर’ असा शेरा मारून ते मागे पाठवतात. प्रत्येक उपकरणाबरोबर एक जॉब कार्ड असते आणि त्यावर दोष लिहिण्यासाठी जागा असते. त्या जागेत दहापैकी नऊ वेळा दोनच शब्द लिहिलेले असतात: सेट खराब. लढाईच्या काळात सर्वच उपकरणे मागे नेत बसणे शक्य नसते, म्हणून वर्कशॉप आपली छोटी पथके पुढे पाठवते. अशाच एका पथकात आम्ही चौघे होतो. आमच्याकडे आतून टेबल बसवलेला एक ट्रक, एक छोटा जनरेटर आणि सुट्या भागांच्या तीन पेट्या होत्या.

आम्ही श्रीनगरकडून सोनमर्गमार्गे सुमारे ११,५०० फूट उंचीचा झोजिला ओलांडून द्रासच्या बाजूला उतरलो. द्रासजवळच्या तोलोलिंग या पहाडाच्या माथ्यावरून शत्रूला श्रीनगर–लेह महामार्ग स्पष्ट दिसत होता आणि त्याचा तोफखाना रस्त्यावर नेमका मारा करत होता, म्हणून शेवटचा टप्पा आम्ही रात्री, दिवे न लावता पार केला. पुढे रस्त्याला लागून असलेल्या एका कड्याच्या आडोशाला ट्रक लावला आणि दुसऱ्या दिवसापासून सेट येऊ लागले.

आमच्याकडे येणाऱ्यांत सर्वांत जास्त संख्या पाठीवर बांधायच्या एएनपीआरसी-२५ या सेटची होती. ज्यांना जुन्या उपकरणांची आवड आहे त्यांच्यासाठी सांगतो: हा सेट ३० ते ७५.९५ मेगाहर्ट्झ या पट्ट्यात ५० किलोहर्ट्झच्या अंतराने ९२० चॅनल देतो, बॅटरीसह त्याचे वजन दहा किलोच्या आसपास भरते आणि त्यात सर्वत्र ट्रान्झिस्टर असले तरी प्रक्षेपणाच्या शेवटच्या टप्प्यात एक व्हॅक्यूम ट्यूब आहे. ही एकुलती एक ट्यूब आम्हा मेकॅनिक लोकांची नेहमीची संशयित होती. सेटवर ऐकू येते पण बोललेले जात नाही, अशी तक्रार आली की हात सरळ तिच्याकडे वळत असे.

तोलोलिंग १३ जूनला आपल्या हाती आले. त्याच्या दोन-तीन रात्री आधीची ही गोष्ट आहे. तोफखान्याच्या निरीक्षण पथकाचा एक ऑपरेटर, गढवालकडचा विशीतला मुलगा, अंधार पडल्यावर सेट घेऊन खाली आला. पहाडावर चढणाऱ्या पायदळाबरोबर तोफखान्याचा एक अधिकारी असतो. गोळा कुठे पडला आणि पुढचा किती डावीकडे, किती पुढे टाकायचा हे तो रेडिओवरून मागच्या बोफोर्स तोफांना सांगतो. तो सेट मुका झाला तर तोफा आंधळ्या होतात आणि चढणारी माणसे उघडी पडतात. कार्डावर अर्थातच ‘सेट खराब’ असे लिहिलेले होते. मी विचारले तेव्हा तो म्हणाला, “उस्ताद, सुनाई देता है, पर मेरी बात नहीं जाती. गर्दन घुमाता हूँ तो कट जाती है.” मी त्याचे पहिले वाक्य ऐकले आणि दुसरे ऐकलेच नाही. ऐकू येते, जात नाही, म्हणजे प्रक्षेपणाचा शेवटचा टप्पा, म्हणजे ट्यूब. तिसरी रात्र जागरणाची होती आणि मला माझ्या ज्ञानाची खात्री होती. पेटीचे स्क्रू काढले, सेट बाहेर ओढला, ट्यूब बदलली, फरक पडला नाही. मग व्होल्टेज मोजत बसलो. तो मुलगा टॉर्चवर लाल कापड गुंडाळून माझ्या हातांवर उजेड धरून उभा होता आणि त्या उजेडात त्याची तडकलेली बोटे मला दिसत होती.

चाळीस मिनिटांनी आमचे हवालदार जनरेटर पाहून परत आले. त्यांनी मला काहीच विचारले नाही, त्या मुलाला विचारले. त्याने तीच दोन वाक्ये पुन्हा सांगितली. हवालदारांनी हँडसेट कानाला लावला, प्रेसल, म्हणजे बोलताना दाबायचे बटण, दाबून बोलू लागले आणि दुसऱ्या हाताने हँडसेटची केबल जिथे कनेक्टरमध्ये शिरते तिथे ती हळूच वाकवली. स्वतःचा आवाज कानात येत होता तो तुटला. केबल सरळ केली, तो परत आला. सतत वळणाऱ्या त्या जागी, रबराच्या आवरणाच्या आत, एक तार तुटली होती. मान वळवली की तुटलेली टोके दूर होत. दुसरा हँडसेट जोडायला दोन मिनिटे लागली. सेट पुन्हा पेटीत बसवून तपासायला आणखी वेळ गेला आणि तो मुलगा ठरल्या वेळेपेक्षा तासभर उशिरा वर निघाला. हवालदार मला रागावले नाहीत. त्यांनी कार्ड उलटे केले आणि मागच्या कोऱ्या बाजूवर त्या मुलाचे वाक्य जसेच्या तसे माझ्याकडून लिहून घेतले: मान वळवली की बोलणे तुटते.

त्या चाळीस मिनिटांचे मला आजही वाईट वाटते. दोष मला सापडला नाही म्हणून नव्हे. तो मला आधीच सांगितला गेला होता म्हणून.

दुसऱ्या दिवसापासून मी एक वही केली. डावीकडे ऑपरेटरचे वाक्य त्याच्याच शब्दांत आणि उजवीकडे शेवटी जे सापडले ते. २६ जुलैला युद्ध संपल्याचे जाहीर झाले तोपर्यंत वहीची बरीच पाने भरली होती, आणि ती वाचताना माझ्या लक्षात आले की आलेल्या सेटपैकी अर्ध्याहून जास्त सेटना उघडण्याची गरजच नव्हती. दोष बॅटरीत होता, केबलमध्ये होता, एरियलच्या बुडाशी होता, किंवा माणूस उभा होता त्या जागेत होता.

‘दिवसा चालतो, रात्री मरतो’ हे वाक्य त्या वहीत सर्वांत जास्त वेळा आले आहे. थंडीत बॅटरीची आतली रासायनिक क्रिया मंदावते आणि ती पुरेसा प्रवाह देऊ शकत नाही. नवखा माणूस इथे हमखास फसतो, कारण तो बॅटरी नुसती मीटरवर लावून पाहतो. नुसते मोजले तर व्होल्टेज पुरेसे दिसते. प्रेसल दाबून, म्हणजे सेट प्रक्षेपण करत असताना मोजले की तोच काटा धाडकन खाली येतो. बॅटरी नेहमी भार देऊन मोजा, हे वाक्य मी मुलांच्या वहीत मोठ्या अक्षरांत लिहून देतो. उपाय साधा होता: जादा बॅटरी पिठ्ठूत, म्हणजे पाठीवरच्या पिशवीत, न ठेवता कोटाच्या आत, अंगालगत ठेवायची. वरच्या पोस्टवरचे जुने ऑपरेटर तसेच करत. चार्जिंगचे दुखणे वेगळे होते. द्रासच्या उंचीवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या दोनतृतीयांश एवढाच असतो, इंजिनाला प्राणवायू कमी मिळतो आणि जनरेटर आपल्या पाटीवर लिहिलेली पूर्ण शक्ती देत नाही. पाटी वाचून त्यावर तेवढ्या बॅटऱ्या लावल्या की तो धापा टाकतो, आणि एकही बॅटरी नीट चार्ज होत नाही.

‘बंकरमध्ये आणला की बिघडतो’ ही तक्रार ऐकून सुरुवातीला आम्ही बुचकळ्यात पडलो होतो. बाहेर गोठलेला सेट स्टोव्हच्या उबेत आणला की उबदार हवेतली वाफ त्याच्या थंडगार धातूवर पाणी होऊन बसते. उन्हाळ्यात माठ पाझरतो तसे ते दिसते. आपल्याकडच्या लोकांना हे समजवायला माठाचीच उपमा कामी येते. सेट पॉलिथिनमध्ये घट्ट गुंडाळूनच आत आणायचा, म्हणजे पाणी पॉलिथिनच्या बाहेरच्या अंगाला धरते, आणि सेट पूर्ण गरम झाल्यावरच ते काढायचे. हँडसेटच्या मायक्रोफोनमध्ये श्वासाची वाफ गोठते, त्यावरही पातळ प्लास्टिकचा तुकडा ताणून बांधणे हाच उपाय. त्याला खर्च काहीच नाही.

‘खाली चालतो, वर चालत नाही’ या तक्रारीचा सेट आमच्याकडे दोनदा आला आणि दोन्ही वेळा आमच्या टेबलावर निर्दोष निघाला. तिसऱ्यांदा येण्याआधी मी ऑपरेटरला कुठे उभा होतास ते जमिनीवर खड्याने काढून दाखवायला सांगितले. तो आणि त्याचे कंपनी मुख्यालय यांच्यामध्ये अख्खी पहाडाची सोंड होती. या वारंवारतेच्या लहरी बहुतांशी सरळ रेषेत जातात, पहाड भेदत नाहीत. हा आमच्या हातचा दोष नव्हता. मधल्या कड्यावर रिले, म्हणजे आलेला संदेश पुढे पाठवणारा सेट, ठेवायचे काम सिग्नल्सने केले. पण कुठे उभा होतास, हा प्रश्न विचारणे आमचेच काम होते.

युद्धापूर्वी त्या भागातील पुष्कळ पोस्ट हिवाळ्यात रिकाम्या केल्या जात. १९९९ नंतर त्या वर्षभर राखल्या जाऊ लागल्या आणि तो पहिला हिवाळा मी द्रासमध्येच काढला. उणे २० अंशांच्या खाली पारा गेला की डाग देणे हीच एक परीक्षा होते. टिन वितळते, पण तांबे इतके थंड असते की डाग नीट धरत नाही. तो चकचकीत न दिसता दाणेदार आणि मळकट दिसतो, हाताला घट्ट लागतो आणि पंधरा दिवसांनी सुटतो. वारा पूर्ण अडवल्याशिवाय आणि जोडाची जागा आधी शेकून घेतल्याशिवाय आम्ही डाग देत नव्हतो. कोरड्या हवेत लोकरीच्या कपड्यांवर विजेचा भार साठतो आणि बोट लागताच नाजूक भाग जळतो, म्हणून सेट उघडण्यापूर्वी जमिनीत गाडलेल्या लोखंडी खुंटीला हात लावायची सवय लागली. ती अजून सुटलेली नाही; घरी मिक्सर उघडतानाही मी आधी नळाला हात लावतो.

आता आजच्या वाटेविषयी. जून २०२२ पासून जवानांची भरती अग्निपथ योजनेतून, अग्निवीर म्हणून होते. सेवा चार वर्षांची आणि त्यानंतर २५ टक्क्यांपर्यंत मुलांना कायम केले जाते. आता आधी ऑनलाइन लेखी परीक्षा आणि मग मैदान, असा क्रम आहे. वयाचे आणि गुणांचे निकष जाहिरातीनुसार बदलू शकतात, म्हणून ते कोणाच्या तोंडून ऐकू नका, भारतीय सेनेच्या भरतीच्या संकेतस्थळावर स्वतः वाचा. टेक्निकलमध्ये निवड झाली म्हणजे ईएमई किंवा रेडिओच मिळेल, असेही नसते. ट्रेड सैन्याच्या गरजेप्रमाणे ठरतो. वैद्यकीय तपासणीत रंग ओळखण्याची चाचणी होते. तारा आणि रेझिस्टर यांचे सगळे काम रंगांवर चालते, तेव्हा ही तपासणी आधीच एखाद्या नेत्रतज्ज्ञाकडे करून घ्यावी, म्हणजे दोन वर्षे मेहनत केल्यावर मन मोडत नाही. आपल्या भागातील मुलांची खरी अडचण इंग्रजी ही असते. उपकरणांची तांत्रिक पुस्तके इंग्रजीत असतात. भाषण करता आले नाही तरी चालेल, पण सर्किटचे एक पान सावकाश, कोशाच्या मदतीने का होईना, समजून वाचता आलेच पाहिजे. मी स्वतः असेच शिकलो.

आजचे सेट आमच्या सेटसारखे नाहीत. बरेचसे काम आता सॉफ्टवेअर करते आणि फील्डमध्ये पुष्कळदा सर्किटचे अख्खे कार्ड काढून दुसरे बसवतात. त्यामुळे डाग देण्याचे कसब उद्या कमी लागेल, हे मी मान्य करतो. पण बॅटरी, केबल, कनेक्टर आणि एरियल अजून आहेतच, आणि सेट घेऊन येणारा दमलेला माणूसही आहेच.

म्हणून रविवारी येणाऱ्या मुलांना मी पेचकस उशिरा देतो. आधी वही देतो. गावातली नादुरुस्त वस्तू आणायची, मालकाचे वाक्य त्याच्याच शब्दांत लिहायचे आणि झाकण न उघडता जेवढे तपासता येईल तेवढे तपासून मगच माझ्याकडे यायचे. मागच्या हिवाळ्यात जिंतूर तालुक्यातल्या दोन मुलांनी शेतातल्या मारुतीच्या देवळातला भजनी मंडळाचा ॲम्प्लिफायर आणला. वहीत मंडळाच्या म्हाताऱ्या विणेकऱ्यांचे वाक्य होते: “काकड्याला खणखणीत बोलतंय, रात्रीच्या भजनाला पेंगतंय.” माझ्या घरी तो दिवसभर उत्तम चालला. एका मुलाने विचारले की रात्री तिथे आणखी काय काय चालू असते. मी त्याला मीटर दिला आणि देवळात रात्री मोजून यायला सांगितले. त्या आठवड्यात थ्री फेज वीज रात्रीची होती आणि त्याच तारेवर भोवतालच्या सगळ्या विहिरींचे पंप होते. पुढच्या रविवारी तो कागद घेऊन आला: रात्री ९ वाजता १६० व्होल्ट, पहाटे पंप बंद झाल्यावर २२५. ॲम्प्लिफायर त्यांनी न उघडताच मंडळाला परत दिला आणि आकड्यांचा कागद गावच्या लाइनमनच्या हातात नेऊन ठेवला.